धंदा मंदावला, क्रेडिट कार्ड थकलं: बँकेकडे अर्ज कधी करायचा, कुठले कागद लावायचे आणि कुठे अडकतं

स्वतःचा धंदा किंवा फ्रीलान्स काम करणाऱ्यांचे ‘कार्डाची थकबाकी हप्त्यात करून द्या’ नाहीतर ‘सेटलमेंट करा’ असे अर्ज परत येताना इतके बघतेय की म्हटलं एकदा लिहूनच टाकू. हातात पैसे नाहीत हे बँकेला माहितीच असतं, त्यावरून अर्ज अडत नाही. अडतो तो चुकीच्या वेळी गेला म्हणून, नाहीतर सोबतचे कागद भलतंच काहीतरी सांगत होते म्हणून.

आधी व्याजाचा हिशोब, कारण अर्ज किती तातडीचा आहे ते त्यावरच ठरतं. बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहून जास्त व्याज असतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के किंवा त्याहून जास्त, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. एक लाख थकलेत असं धरा: महिन्याचं व्याज ३,५०० रुपये, जीएसटी ६३०, झाले ४,१३०. मिनिमम ड्यू (महिन्याला किमान भरायची रक्कम) ५ टक्के धरून ५,००० भरले तर मुद्दल कमी झालं फक्त ८७० रुपयांनी, आणि तेसुद्धा त्या कार्डावर नवीन काही घेतलं नाही तर. कारण थकबाकी पुढे ओढली की बिनव्याजी मुदत गेली, नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. मिनिमम भरतोय म्हणजे आपण नियमित आहोत असं समजून लोक दोन-दोन वर्षं काढतात, आणि कागदोपत्री ते खरंही असतं, फक्त कर्ज तिथेच बसलेलं असतं.

दर वाढल्याबद्दल दोन गोष्टी. २०२२ च्या मे महिन्यापासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला तेव्हा फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या धंद्याच्या कर्जाचे हप्ते वाढले आणि ती फट भरायला लोकांनी कार्ड वापरलं. पण कार्डाचा दर रेपोला बांधलेला नसतो, त्यामुळे ‘रेपो कमी झाला तरी माझं व्याज का कमी होत नाही’ हे अर्जात लिहून काही होत नाही. दुसरं म्हणजे ‘३० टक्क्यांच्या वर व्याज बेकायदेशीर आहे’ हा मेसेज अजून फिरतोय. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तसं म्हटलं होतं खरं, पण सुप्रीम कोर्टाने २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द केला. अर्जात हे वाक्य दिसलं की समोरचा माणूस पुढचं वाचतच नाही, तेव्हा ते काढून टाका.

आता वेळेचा मुद्दा, इथेच सगळ्यात जास्त लोक पडतात. स्टेटमेंटवर जी ड्यू डेट असते त्या तारखेपासून ९० दिवसांत मिनिमम ड्यू पूर्ण भरला गेला नाही तर खातं एनपीए होतं, म्हणजे बँकेच्या हिशोबात बुडायला आलेलं कर्ज. मोजायचं ड्यू डेटपासून, वसुलीचे फोन सुरू झाले तेव्हापासून नाही आणि शेवटचे हजार-दोन हजार टाकले तेव्हापासूनही नाही. अधूनमधून थोडे पैसे टाकल्याने घड्याळ परत शून्यावर येतं असं समजणारे खूप आहेत. तसं होत नाही. आणखी एक, ड्यू डेट उलटून तीन दिवस जाईपर्यंत लेट फी लावता येत नाही हा नियम आहे, पण व्याजाला ही सवलत नाही, आणि त्या सवलतीलाच ड्यू डेट समजू नका.

थकबाकीचे ईएमआय करून घेणं, त्याच बँकेचं पर्सनल लोन घेऊन कार्ड बंद करणं, दुसऱ्या कार्डावर बॅलन्स ट्रान्सफर, हे सगळं मुख्यतः खातं नियमित असताना मिळतं. सेटलमेंट म्हणजे काही रक्कम सोडून देणं, त्याकडे बँक साधारण खातं बिघडल्यावरच बघते. लोक नेमकं उलटं करतात, दुसऱ्या महिन्यात सेटलमेंट मागतात आणि सहाव्या महिन्यात ईएमआय. दोन्हीला नकार येतो आणि मग ‘बँक ऐकतच नाही’. पहिला हप्ता चुकायच्या आधीच ईएमआयचा अर्ज टाकलात तर मिळायची शक्यता सगळ्यात जास्त, हे ऐकायला विचित्र वाटतं पण तसंच आहे.

धंदेवाल्यांसाठी यात एक वेगळा खड्डा आहे. एनपीए कर्जावरून ठरत नाही, कर्जदारावरून ठरतं. प्रोप्रायटरशिप (एकट्याच्या मालकीचा धंदा) असेल तर तुमचा आणि दुकानाचा पॅन एकच, म्हणजे कर्जदार एकच. त्याच बँकेत तुमचं कॅश क्रेडिट किंवा मशीनचं कर्ज असेल आणि ते अगदी वेळेवर चालू असेल, तरी ४० हजारांच्या कार्डामुळे तेही एनपीए होऊ शकतं. शिवाय त्याच बँकेतल्या करंट खात्यात ग्राहकाचे पैसे आले की बँक ते थकबाकीपोटी वळते करू शकते, कार्डाच्या अटींमध्ये तसं लिहिलेलं असतं. त्यामुळे दोन-तीन कार्डं थकली असतील तर ज्या बँकेत धंद्याचं खातं आणि कर्ज आहे तिचं कार्ड आधी सांभाळा, मग त्यावरची रक्कम लहान असली तरी.

कागदांकडे येऊ. पॅन, आधार, स्टेटमेंटच्या प्रती, पत्त्याचा पुरावा, हे सगळ्यांकडे असतं. अडतं ते ‘उत्पन्न घटल्याचा पुरावा’ या रकान्यात. फॉर्म नोकरदारांसाठी बनवलेला असतो, त्यात सॅलरी स्लिप, पगारकपातीचं पत्र नाहीतर नोकरी गेल्याचं पत्र मागतात, आता स्वतःला नोकरीवरून काढल्याचं पत्र कोण देणार? मग लोक शेवटचा आयटीआर जोडतात आणि तोच गळ्यात येतो, कारण आयटीआर मागच्या वर्षाचा असतो आणि मागचं वर्ष चांगलं गेलेलं असतं. यंदाची घट पुढच्या वर्षीच्या आयटीआरमध्ये दिसणार, तोवर व्याज थांबत नाही.

म्हणून घट दाखवणारे कागद आपणच जमवायचे. ज्या खात्यात धंद्याचे पैसे येतात त्याचं १२ महिन्यांचं स्टेटमेंट घ्या आणि एका कागदावर आधीच्या सहा महिन्यांची जमा आणि नंतरच्या सहा महिन्यांची जमा समोरासमोर लिहून सही करा, समोरच्याला बेरीज करायला लावू नका, तो करणार नाही. जीएसटी नोंदणी असेल तर ३बी रिटर्न (विक्री आणि कराचा गोषवारा) जोडा. व्यावसायिक असाल आणि क्लायंट टीडीएस कापत असतील तर फॉर्म २६एएस (तुमच्या पॅनवर कापलेल्या टीडीएसची नोंद) जोडा, त्यात कुठला क्लायंट बंद झाला ते आपोआप दिसतं. ऑर्डर रद्द झाल्याचे ईमेल, आजारपण असेल तर हॉस्पिटलचे कागद. सीएकडून चालू वर्षाचा तात्पुरता नफा-तोटा करून घ्या, आणि सीएच्या सर्टिफिकेटवर यूडीआयएन नंबर (सर्टिफिकेट खरं आहे का ते ऑनलाइन तपासायचा नंबर) आहे का ते तिथेच उभं राहून बघा, नसेल तर ते सर्टिफिकेट बाजूला पडतं.

आयकराच्या ४४एडी कलमाखाली, म्हणजे अनुमानित नफ्यावर रिटर्न भरणाऱ्यांचं दुखणं वेगळं. उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवून आयटीआर भरलेला असतो, आणि कार्ड घेताना एजंटने फॉर्मवर उत्पन्न भलतंच फुगवून लिहिलेलं असतं. अधिकारी दोन्ही आकडे शेजारी ठेवतो. अशा वेळी नवीन तिसरा आकडा तयार करू नका. रिटर्न अनुमानित नफ्याच्या योजनेत भरलंय आणि प्रत्यक्ष जमा इतकी होती, आता इतकी आहे, एवढं दोन ओळीत लिहा. आणि ‘उत्पन्न शून्य’ असं भावनेच्या भरात लिहू नका, कारण ईएमआय मागताय तर तो कशातून भरणार हा पहिला प्रश्न येतो. कमी झालंय पण महिन्याला इतके निघतात, असं दिसलं पाहिजे.

शॉप ॲक्टवरून होणारा छळ तर विचारूच नका. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यानंतर ठरावीक संख्येपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते आणि तिची पावती मिळते, लायसन्स नाही. तरी शाखेत ‘गुमास्ता लायसन्स आणा’ म्हणतात. वाद घालत बसण्यापेक्षा पावती आणि उद्यम सर्टिफिकेट (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) एकत्र लावा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. मात्र उद्यम आहे म्हणून एमएसएमईच्या पुनर्रचना योजनेत वैयक्तिक कार्ड बसवून मिळेल असं समजू नका, ती धंद्याच्या कर्जासाठी आहे. इथे उद्यमचा उपयोग एवढाच की करंट खातं दुकानाच्या नावावर आणि कार्ड तुमच्या नावावर असताना दोन्ही एकाच माणसाचे आहेत हे त्यातून जुळतं.

सेटलमेंटपर्यंत गोष्ट गेलीच तर, हा तुमचा हक्क नाही, बँकेच्या मर्जीचा भाग आहे. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये यासाठी चौकट आखून दिली, त्यात सेटलमेंटनंतर त्या बँकेने किमान १२ महिने नवीन कर्ज देऊ नये असंही आहे. धंद्याला वर्षभरात कर्ज लागणार असेल तर हे आधी डोक्यात ठेवा. तोंडी ठरलेलं, एसएमएस, व्हॉट्सॲपवरचा फोटो यावर एक रुपयासुद्धा भरू नका. बँकेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवरून पत्र हवं, त्यात कार्ड नंबरचे शेवटचे आकडे, रक्कम, शेवटची तारीख आणि ही पूर्ण व अंतिम परतफेड आहे हे शब्द हवेत. पैसे कार्डाच्या खात्यातच भरायचे, एजंटच्या यूपीआयवर अजिबात नाही. शेवटची तारीख म्हणजे पैसे जमा व्हायची तारीख, चेक टाकायची नाही. हप्त्यात सेटलमेंट असेल तर एक हप्ता चुकला की पत्र रद्द आणि पूर्ण रक्कम परत उभी राहते असं बहुतेक पत्रांत बारीक अक्षरात असतं, त्यामुळे मोठा आकडा तीन हप्त्यांत कबूल करण्यापेक्षा जमेल तेवढंच कबूल करा.

कार्ड थकणं हा दिवाणी विषय आहे, नुसतं थकलं म्हणून पोलीस नेत नाहीत. पण सेटलमेंटसाठी दिलेला चेक परत गेला तर चेक बाऊन्सचं कलम १३८ लागू शकतं आणि बँक खात्यातून ऑटो डेबिट परत गेलं तर पेमेंट सिस्टीम कायद्याचं कलम २५. म्हणून खात्यात पैसे नसताना पुढच्या तारखेचे चेक देऊ नका, कितीही दबाव आला तरी. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची परवानगी नाही, शेजाऱ्यांना किंवा तुमच्या ग्राहकांना फोन करून बदनामी करणं तर नाहीच नाही. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट ठेवा.

तक्रार करायची तर आधी बँकेकडे लेखी, तक्रार नंबर घ्या, ३० दिवस थांबा, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर लोकपालाकडे. फी नाही, वकील लागत नाही. लोक थेट लोकपालाकडे जातात आणि अर्ज दाखल होण्याआधीच बंद होतो, फोनवर केलेली तक्रारही लेखीत धरत नाहीत. आणि तिथे काय मागताय ते बघा: ‘सेटलमेंट द्यायला सांगा’, ‘व्याज कमी करा’ हा बँकेचा व्यावसायिक निर्णय म्हणून फेटाळला जातो. चुकीचा चार्ज, पत्र देऊनही न पाळणं, वसुलीतला त्रास, यावर ते ऐकतात. रकमेबद्दल तडजोडच हवी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअदालतीत दाखलपूर्व (कोर्टात केस होण्याआधीचं) प्रकरण म्हणून जाता येतं, पण तिथला निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखा असतो आणि त्यावर अपील नाही, तेव्हा सही करण्याआधी हप्ता जमेल का ते घरी बसून ठरवा.

पैसे भरून झाले की नो ड्यूज सर्टिफिकेट मागून घ्या, आपोआप येईल म्हणून थांबू नका. मग क्रेडिट रिपोर्ट काढा, प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. पूर्ण रक्कम भरली असेल तर ‘क्लोज्ड’ दिसायला हवं, सेटलमेंट केली असेल तर ‘सेटल्ड’ दिसणार, ते बदलून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. पण सेटल होऊनही ‘रिटन ऑफ’ (बँकेने बुडीत धरलेलं) किंवा थकबाकी दिसत असेल तर क्रेडिट कंपनी आणि बँक दोघांकडे दुरुस्तीची तक्रार टाका, पत्र आणि पावती जोडून. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तुम्हाला मिळायला हवेत, एप्रिल २०२४ पासून तसा नियम आहे, तो तक्रारीतच लिहून टाका.