मालक सापडत नाही, पण जागा घ्यायचीये? आधी हे वाचा

आमच्याकडे फोन येतो तो साधारण असाच असतो. शेजारी एक घर आहे, वर्षानुवर्षं कुलूप आहे, भिंतीतून पिंपळ आलाय, मालक कुठे असतो कुणालाच माहीत नाही, आम्हाला घ्यायचंय तर काय करायचं? महाराष्ट्रातल्या अशा जागांच्या मालकांचा शोध आम्ही कसा घेतो आणि त्यातलं तुम्ही स्वतः किती करू शकता ते इथे लिहितोय, कारण बरंचसं काम तुम्हाला स्वतःलाही जमण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट, ओसाड म्हणजे बेवारस नव्हे. मालक सापडत नाही असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मूळ मालक वारलेला असतो आणि त्याचे वारस दहा-बारा असतात, चार गावांत विखुरलेले, आणि त्यातल्या काहींना ही जागा आपली आहे हेच माहीत नसतं.

शोध कागदापासून सुरू करा. शहरात सिटी सर्व्हे ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड काढा, जमीन असेल तर सातबारा, तो महाभूलेखवर नुसता बघायला पैसे पडत नाहीत. पण सातबाऱ्यावरचं नाव वाचून थांबू नका, कारण तो माणूस जाऊन तीस वर्षं झालेली असू शकतात. खरी माहिती फेरफारात, म्हणजे जागेवरचं नाव बदलल्याच्या नोंदीत असते. नावाशेजारी जे नंबर दिसतात ते फेरफाराचे, त्या प्रत्येक नंबराची नक्कल तलाठ्याकडून किंवा तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून काढली की कोण कधी वारलं, मागे कोण कोण राहिलं, त्यांचं नातं काय, हे एकेक करून उलगडत जातं. कंस केलेलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव. नावाआधी ए.कु.मॅ. असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे नाव एकट्या थोरल्या भावाचं लागलंय पण हक्क बाकीच्या भावंडांचाही आहे. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे कागदावर जो अज्ञान (तेव्हा सज्ञान नसलेला) मुलगा आहे तो आज साठीचा असेल आणि सही त्याचीच लागणार. आणि बहिणींची नावं इतर हक्काच्या रकान्यात सापडतात किंवा सापडतच नाहीत, पण 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, लग्न होऊन ती कुठेही गेलेली असो. त्या बहिणी शोधल्याशिवाय आम्ही पुढचं पाऊल टाकत नाही. जुने खरेदीखत, गहाणखत बघायला दुय्यम निबंधकाकडे इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा काढायचा, मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा सर्च घ्यायचा.

मग माणसं. घरपट्टी कोण भरतं आणि बिलावर पत्ता कुठला आहे ते ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत विचारा. लाईटच्या मीटरवर कुणाचं नाव आहे बघा. पोस्टमन, जुना कोतवाल, समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या आजी, यांना रेकॉर्ड रूमपेक्षा जास्त ठाऊक असतं. एका कामात सगळे कागद संपले होते, शेवटी एका आजींनी सांगितलं की त्या बंद घरातली धाकटी सून दरवर्षी जत्रेला ओटी भरायला येते, आणि त्या एका वाक्यावरून सगळं कुटुंब सापडलं. वारस सापडले की पहिल्याच फोनला भाव काढू नका. त्यांच्यासाठी ते आजोबांचं घर असतं. तुम्ही कोण, जागा आज कुठल्या अवस्थेत आहे, एवढं साध्या पत्रात लिहून सोबत फोटो पाठवा आणि त्यांना आपापसात बोलायला वेळ द्या.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, बारा वर्षं कब्जा ठेवला तर जागा आपली होते ना? 1963 च्या मुदत कायद्यात 12 वर्षांची मुदत आहे हे खरं, सरकारी जागेसाठी ती 30 वर्षं, पण कब्जा उघड, सलग आणि मालकाच्या हक्काविरुद्ध होता हे सगळं तुम्हाला कोर्टात सिद्ध करावं लागतं. भाडेकरू म्हणून किंवा राखण करायला म्हणून राहिलेल्याला नुसत्या वर्षांच्या जोरावर हा दावा सांगता येत नाही. दुसऱ्याची घरपट्टी भरली म्हणूनही कुणी मालक होत नाही. कुलूप तोडून आत जाणं हा तर सरळ गुन्हा आहे. या वाटेने जागा घ्यायला आम्ही कुणालाच मदत करत नाही, कारण मालक परगावी आहे म्हणून त्याचं घर बळकावणं आम्हाला पटत नाही.

एखादा वारस खरंच बेपत्ता असेल, 7 वर्षं त्याच्याबद्दल जवळच्या कुणालाच काही कळलेलं नसेल, तर कायदा त्याला मृत धरू शकतो. पण त्यासाठी त्याच्या घरच्यांनी कोर्टात जाऊन तसं ठरवून घ्यायला लागतं, ते तुमच्याकडून होत नाही. आणि वारस कुणीच उरला नसेल तर मिळकत सरकारकडे जाते, शेजाऱ्याकडे नाही.

एक पुतण्या पॉवर ऑफ अटर्नी घेऊन येतो आणि म्हणतो सगळ्यांच्या वतीने मी सही करतो, तिथे फार सांभाळा. पॉवर देणारा वारला की सहसा ती पॉवरही संपते, आणि नुसत्या पॉवरवर मालकी बदलत नाही हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये स्पष्ट सांगितलंय. एकाच वारसाकडून घेतलं तर फक्त त्याचा हिस्सा मिळतो, राहत्या घरात तर तुम्हाला त्या कुटुंबासोबत ताबाही मागता येत नाही, वाटपाचा दावा लावत बसावं लागतं. शेतजमीन असेल तर तुम्ही शेतकरी आहात का आणि जमीन वर्ग 2 ची, म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणारी आहे का हे आधी बघा, परवानगीशिवाय तो व्यवहार अडकतो.

सगळे वारस एका कागदावर येईपर्यंत आणि पेपरात जाहीर नोटीस देऊन हरकतीची मुदत संपेपर्यंत इसार, म्हणजे आगाऊ पैसे देऊ नका, कितीही घाई केली तरी. आमच्याकडे येताना गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, जागेचे दोन-चार फोटो आणि शेजाऱ्यांकडून कळलेली जुनी नावं, अर्धवट असली तरी, लिहून आणा.