सेलहर्स्ट पार्क ते कझान : कोलिंकोच्या भटकंतीमागचा इतिहास

२००४ च्या युरो स्पर्धेतल्या 'ड' गटाचे चार गोलरक्षक एका ओळीत उभे करून पाहा. जर्मनीचा ऑलिव्हर कान, दोनच वर्षांपूर्वीच्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. नेदरलँड्सचा एडविन व्हान डर सार. चेक प्रजासत्ताकाचा पेत्र चेक, वय २२, त्याच उन्हाळ्यात चेल्सीत दाखल झालेला. आणि चौथा लात्व्हियाचा अलेक्सांद्र्स कोलिंको. तो तेव्हा रशियात, रोस्तोव्हकडून खेळत होता. पहिल्या तिघांची नावं फुटबॉल अधूनमधून पाहणाऱ्यालाही ठाऊक असतात. चौथ्याचं नाव ओळखणारे दोनच गट भेटतील. एक लात्व्हियाचे लोक आणि दुसरा क्रिस्टल पॅलेस या लंडनच्या क्लबाचे जुने, कट्टर चाहते.

कानची अख्खी व्यावसायिक कारकीर्द कार्ल्सरूह आणि बायर्न या दोन क्लबांत आटोपली. कोलिंको मात्र रिगा, लंडन, रोस्तोव्ह, कझान, व्हेंट्सपिल्स, नाल्चिक, कालिनिनग्राद असा फिरत राहिला. 'कुठे टिकलाच नाही' असं म्हणून या यादीवरून पुढे जाता येतं, पण तो अन्याय होईल. त्या काळच्या लात्व्हियन गोलरक्षकाला कुठली दारं उघडी होती आणि ती कधी बंद व्हायची, हे समजून घेतलं की ही यादी वेगळी दिसू लागते.

कोलिंकोचा जन्म १८ जून १९७५ चा, रिगातला. लात्व्हिया तेव्हा सोव्हिएत संघात होता आणि रिगाचा मुख्य क्लब दौगावा सोव्हिएत फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत असे. तसंही या देशाचा जीव फुटबॉलपेक्षा आइस हॉकीत जास्त. लात्व्हियाचा सर्वांत नावाजलेला गोलरक्षक कोण, असं रिगात विचारलं तर उत्तर बहुधा आर्तुर्स इर्बे असंच येईल. तो बर्फावरचा गोलरक्षक, अमेरिकेतल्या एनएचएलमध्ये गाजलेला. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा कोलिंको सोळा वर्षांचा होता. म्हणजे त्याच्या पिढीला सोव्हिएत लीगची शिडी मिळाली नाही आणि युरोपची अजून बांधली गेली नव्हती.

घरच्या लीगमध्ये जे होतं ते सगळं एकाच क्लबाच्या मुठीत होतं. गुंतिस इंद्रिकसोन्स यांच्या स्कोन्तो रिगाने १९९१ ते २००४ अशी सलग १४ विजेतेपदं पटकावली. त्यातल्या बहुतेक काळात प्रशिक्षक अलेक्सांद्र्स स्तार्कोव्स होते. पुढे राष्ट्रीय संघही त्यांच्याच हाती आला. कोलिंको स्कोन्तो-मेताल्समधून वर येत या मुख्य संघात पोहोचला. पण अशा लीगमध्ये गोलरक्षकाने शिकावं तरी काय? आठवड्यामागून आठवडे चेंडू समोरच्याच गोलपाशी असतो आणि याच्या वाट्याला एखाददुसरा फटका येतो. खरी परीक्षा वर्षातून दोन-चार वेळा, युरोपच्या पात्रता फेऱ्यांत. ऑगस्ट १९९९ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत स्कोन्तोने चेल्सीला त्यांच्याच मैदानावर पाऊण तास नव्हे, तब्बल ७५ मिनिटं गोलशून्य रोखलं. मग बांध फुटला आणि सामना ०-३ असा गेला. परतीच्या सामन्यात रिगात ०-० अशी बरोबरी झाली. इंग्लंडमधल्या क्लबांच्या नजरेत भरायला एवढं पुरेसं होतं.

त्या सुमारास इंग्लंडची वाट रुळतही होती. मारियान पाहार्स १९९९ मध्ये स्कोन्तोतून साउदॅम्प्टनला गेला आणि प्रीमियर लीगमध्ये खेळणारा पहिला लात्व्हियन ठरला. इगोर्स स्तेपानोव्स आर्सेनलमध्ये दाखल झाला, विताल्यिस अस्ताफ्येव्स ब्रिस्टल रोव्हर्समध्ये. १९९९ ते २००१ या काळात लात्व्हियाच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षकच गॅरी जॉन्सन हा इंग्लिश माणूस होता. तोही दुवा झाला असणार. ब्रिटनची तेव्हाची अट मात्र कडक होती. युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूला कामाचा परवाना हवा असेल तर त्याने आधीच्या दोन वर्षांत आपल्या देशाचे किमान ७५ टक्के अधिकृत सामने खेळलेले असावेत आणि तो देश फिफाच्या क्रमवारीत पहिल्या सत्तरात असावा. लहान देशाच्या आघाडीवीरांना आणि बचावपटूंना ही अट कशीबशी पेलायची. गोलरक्षकांसाठी ती फारच अरुंद होती, कारण देशाचा गोल एका वेळी एकच माणूस राखतो. दुसऱ्या क्रमांकाचा लात्व्हियन गोलरक्षक कितीही चांगला असो, त्याला इंग्लंड बंद. कोलिंकोला परवाना मिळू शकला, कारण पहिला क्रमांक त्याचा होता.

२००० च्या शरद ऋतूत तो दक्षिण लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये आला. स्कोन्तोतला मधल्या फळीचा आंद्रेय्स रुबिन्सही त्याच्या आगेमागेच तिथे पोहोचला. पॅलेस तेव्हा इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत होता. नुकताच दिवाळखोरीच्या कडेवरून परत आलेला हा क्लब सायमन जॉर्डन या तरुण मालकाच्या हाती गेला होता. पहिल्याच हंगामात या दोघांनी टोकाचे दोन्ही अनुभव घेतले. जानेवारी २००१ मध्ये लीग कपच्या उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात सेलहर्स्ट पार्क या आपल्या मैदानावर पॅलेसने लिव्हरपूलला २-१ असं हरवलं. पॅलेसचा पहिला गोल रुबिन्सचाच, लांबून मारलेला. दोन आठवड्यांनी अ‍ॅनफील्डवर, म्हणजे आपल्या घरी, लिव्हरपूलने पाच गोल चढवून हिशेब पुरता केला. त्याच हंगामात लीगमध्ये पॅलेस घसरत घसरत थेट तिसऱ्या श्रेणीच्या तोंडाशी गेला. शेवटच्या दिवशी, स्टॉकपोर्टच्या मैदानावर, ८७ व्या मिनिटाला डगी फ्रीडमनने गोल केला तेव्हा कुठे तो वाचला.

प्रशिक्षक मात्र टिकत नव्हते. अ‍ॅलन स्मिथ गेले, स्टीव्ह ब्रूस आले आणि काही महिन्यांतच निघून गेले, मग ट्रेव्हर फ्रान्सिस आले. आघाडीच्या खेळाडूला नव्या प्रशिक्षकाखाली निदान दुसऱ्या जागी खेळायला मिळतं. गोलरक्षकाला दुसरी जागाच नसते. नव्या साहेबाला दुसरा कोणी आवडला की संपलं, बाकावर बसायचं.

ऑगस्ट २००२ मध्ये ब्रॅडफर्डविरुद्धच्या सामन्यात कोलिंको तसाच राखीव म्हणून बसला होता. ब्रॅडफर्डने गोल केला आणि तो हसला, निदान फ्रान्सिस यांना तसं वाटलं. त्यांनी तिथल्या तिथे त्याला फटका मारला. इंग्लिश फुटबॉल संघटनेने फ्रान्सिस यांना दंड केला. लंडनमधली त्याची आठवण आज याच एका प्रसंगावरून निघते, याचं मला वाईट वाटतं. पॅलेससाठी तो लीगचे ऐंशीच्या घरात सामने खेळला होता, पण ते कुणाच्या गप्पांत येत नाहीत.

२००३ मध्ये त्याने इंग्लंड सोडलं. त्यानंतर वर्षभरातच, १ मे २००४ रोजी, लात्व्हिया युरोपीय संघात गेला आणि परवान्याची ती अट त्याच्या देशबांधवांपुरती निकालात निघाली.

क्लबपातळीवर अशी उलथापालथ चालू असताना देशाच्या संघात मात्र त्याच वर्षांत नवल घडत होतं. एप्रिल २००१ मध्ये लात्व्हियाने रिगात सॅन मारिनोशी १-१ बरोबरी केली होती. सॅन मारिनो म्हणजे तेव्हा कुणीही यावं आणि गोल मोजून जावं असा संघ. त्या नामुष्कीनंतर गॅरी जॉन्सन गेले आणि स्तार्कोव्स आले. युरो २००४ च्या पात्रता गटात स्वीडन, पोलंड, हंगेरी आणि पुन्हा तेच सॅन मारिनो. लात्व्हियाने वॉर्सात पोलंडला १-० असं हरवलं, रिगात हंगेरीला ३-१ असं. ११ ऑक्टोबर २००३ रोजी स्टॉकहोममध्ये मारिस व्हेर्पाकोव्स्किसच्या एकमेव गोलवर स्वीडनलाही नमवलं. गटात स्वीडनचे १७ गुण, लात्व्हियाचे १६.

गटात दुसरे आल्यामुळे प्लेऑफ खेळावा लागला, दोन सामन्यांचा. गाठ पडली तुर्कीशी, म्हणजे २००२ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या संघाशी. रिगातला सामना लात्व्हियाने १-० असा जिंकला. १९ नोव्हेंबरला इस्तंबूलमध्ये इल्हान मान्सिझ आणि हाकान शुकुर यांच्या गोलांनी तुर्की २-० असा पुढे गेला. घरच्या प्रेक्षकांना काम फत्ते झाल्यासारखं वाटलं असेल, पण दुसऱ्या गोलनंतर दोनच मिनिटांत युरिस लाइझान्सने एक फेडला आणि ७७ व्या मिनिटाला व्हेर्पाकोव्स्किसने दुसरा. २-२, म्हणजे दोन्ही सामने मिळून लात्व्हिया ३-२ असा पुढे. जेमतेम २३ लाख लोकसंख्येचा देश युरोच्या अंतिम स्पर्धेत पोहोचला. बाल्टिकच्या तीन देशांपैकी ही मजल आजवर दुसऱ्या कुणी मारलेली नाही.

पोर्तुगालमधले तिन्ही सामने कोलिंको खेळला. आव्हेरोत चेक संघाविरुद्ध मध्यंतराला लात्व्हिया १-० असा पुढे होता. शेवटच्या वीस मिनिटांत मिलान बारोश आणि मारेक हाइन्त्स यांनी तो सामना हिसकावला. १८ जूनला कोलिंकोला २९ वर्षं पूर्ण झाली आणि दुसऱ्या दिवशी पोर्तोत समोर जर्मनी. स्तार्कोव्स यांची आखणी सरळ होती : चौघांची बचावफळी खोल, तिच्या पुढे मधली फळी चिकटून, चेंडू मिळाला की एकट्या व्हेर्पाकोव्स्किसने धावायचं. अशा डावात गोलरक्षकाचं काम फटके अडवण्यापुरतं नसतं. दोन्ही बाजूंनी येणारे क्रॉस पकडायचे, बचावफळीला हाका मारत एका रेषेत ठेवायचं, गोलकिकला जरा वेळ काढायचा. सगळं अंगमेहनतीचं आणि दिसायला रटाळ. शेवटच्या क्षणी मिरोस्लाव्ह क्लोजचा हेडर बाहेर गेला आणि सामना ०-० राहिला. उलट व्हेर्पाकोव्स्किसला पेनल्टी मिळायला हवी होती, अशी कुरकुर लात्व्हियाच्या गोटात नंतर बराच काळ चालू राहिली. ब्रागात नेदरलँड्सने ३-० असं हरवलं आणि स्पर्धा संपली. कमाई एक गुण. रिगात मात्र तो एक गुण अजून आठवला जातो.

अशा स्पर्धेनंतर बड्या क्लबांची बोलावणी येतील असं कुणालाही वाटेल. पेत्र चेक चेल्सीत प्रीमियर लीग जिंकायला गेला. कोलिंकोसाठी मात्र युरोपातली मागणी 'अनुभवी राखीव' एवढीच असायची. लात्व्हियन लीगचा लौकिक इतका किरकोळ की, एका ०-० बरोबरीने तो बदलत नाही. त्यामानाने रशियात भाषेची अडचण नव्हती, पगार बरे होते आणि बाल्टिकचे खेळाडू तिथे परके वाटत नसत. रोस्तोव्हनंतर तो कुर्बान बेर्दियेव यांच्या रुबिन कझानमध्ये काही हंगाम राहिला. शिस्तबद्ध बचावावर उभा असलेला तो संघ, त्याच्या स्वभावाला साजेसा. पण रशियन लीगमध्येही परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली आणि ती हळूहळू आवळत गेली. ठरावीक परदेशी जागांतली एक गोलरक्षकावर घालवायला बरेच क्लब नाखूश असत. रुबिनने २००८ मध्ये पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं तेव्हा गोलात सेर्गेई रिझिकोव्ह हा रशियन होता.

मग परत लात्व्हिया. स्कोन्तोची मक्तेदारी मोडली होती आणि व्हेंट्सपिल्स या तेलबंदराच्या गावातल्या क्लबाने २००६, २००७ आणि २००८ अशी तीन विजेतेपदं घेतली होती. २००९ मध्ये हाच क्लब युरोपा लीगच्या गटसाखळीत पोहोचणारा पहिला लात्व्हियन क्लब ठरला. स्पोर्टिंग लिस्बन, हर्था बर्लिन, हेरेनव्हेन असा गट आणि तीन बरोबऱ्या. तिथून कोलिंको पुन्हा रशियात, कॉकेशसमधल्या स्पार्ताक नाल्चिकमध्ये आणि नंतर कालिनिनग्रादच्या बाल्तिका या क्लबात. याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पस्तिशी ओलांडलेल्या गोलरक्षकाला एकेका हंगामाचे करार मिळतात, तसेच ते होते.

देशाच्या संघात मात्र तो येत-जात राहिला. मधल्या वर्षांत पहिला क्रमांक आंद्रिस व्हानिन्सकडे गेला होता, तरी युरो २०१६ च्या पात्रता फेरीत चाळिशीला टेकलेला कोलिंको पुन्हा गोलात दिसला. लात्व्हियासाठी तो ९० हून जास्त सामने खेळला. म्हणजे कुठल्याही एका क्लबाने त्याला दिली नाही इतकी वर्षं देशाच्या संघाने दिली.

व्हानिन्सचा प्रवास त्याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. तोही व्हेंट्सपिल्समधूनच २००९ मध्ये बाहेर पडला, पण स्वित्झर्लंडला : आधी सिओन, नंतर झ्युरिक. तिथे एक दशकाहून अधिक काळ राहिला आणि स्विस चषकही जिंकला. पाव्हेल्स श्टाइनबोर्सने ब्लॅकपूल, दक्षिण आफ्रिका, सायप्रस अशी वळणं घेत शेवटी पोलंडमध्ये बस्तान बसवलं. २०१७ मध्ये पोलिश चषक जिंकणाऱ्या आर्का ग्दिन्यात तो होता. युरोपीय संघाचं नागरिकत्व हाती आल्यावर गोलरक्षकांची वाट पूर्वेऐवजी मध्य युरोपाकडे वळली, ती अशी. इंग्लंडचं दार मात्र ब्रेक्झिटनंतर, जानेवारी २०२१ पासून, पुन्हा मुख्यतः राष्ट्रीय संघातल्या सामन्यांच्या हिशेबावर आलं. कोलिंको घरच्या लीगमध्ये ज्या दोन मोठ्या क्लबांकडून खेळला तेही आता उरलेले नाहीत. स्कोन्तो २०१६ मध्ये दिवाळखोरीत निघाला. सामन्यांतल्या गैरप्रकारांवरून युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, २०२१ मध्ये व्हेंट्सपिल्सवर सात वर्षांची बंदी घातली आणि तो क्लबही बंद पडला.