दहा हजार किलोमीटर की बारा महिने?

आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या सर्व्हिस बुकात एक ओळ असते: ‘१०,००० किमी किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी होईल ते’. वाचणाऱ्याच्या डोक्यात ‘किंवा’ राहतं आणि ‘जे आधी’ गळून पडतं. मग वर्षाला जेमतेम साडेतीन हजार किलोमीटर फिरणारी गाडी तीन वर्षं तशीच राहते, कारण दहा हजार कुठे झालेत! महिन्याला दोन हजार पळवणारा म्हणतो, मार्चमध्येच तर सर्व्हिसिंग केलं, आता पुढच्या मार्चला बघू. तोवर त्याची गाडी चोवीस हजार चाललेली असते. दोघांनीही सोयीचा आकडा उचललेला असतो.

हे दोन आकडे एकाच गोष्टीची दोन मापं नाहीत. किलोमीटर मोजतात ते घासणं, महिने मोजतात ते मुरणं आणि नासणं.

घासणारे भाग कुठले? ब्रेक पॅड, टायर, क्लच प्लेट, स्पार्क प्लग, एअर फिल्टर. गाडी उभी असेल तर यांतलं जवळपास काहीच झिजत नाही (टायरचा अपवाद, तो पुढे येतोच). साधे निकेलचे प्लग ४०,००० किमीच्या आसपास बदलतात, इरिडियमचे लाखभर जातात. एअर फिल्टर दर सर्व्हिसला हवेने फुंकून साफ करायचा आणि ४०,००० ला बदलायचा, हे डांबरी रस्त्यावरचं गणित. खडी क्रशरच्या बाजूने किंवा उसाच्या ट्रॅक्टरमागून रोजची ये-जा असेल, तर तोच फिल्टर निम्म्या अंतरात गच्च होतो. चाकांची अदलाबदल दर १०,००० ला करावी. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर आधी संपतात, नाहीतर दोन टायर टकले आणि दोन कोरे असा प्रकार होतो. नक्षीची खोली १.६ मिमीच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद.

मुरणाऱ्या वस्तूंना मात्र गाडी चालली काय नि उभी राहिली काय, फरक पडत नाही. यातलं सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं. कोरं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. एरवी शहरात हे कळतही नाही. आंबा घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला, कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तापलं आणि ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले, की पेडल मऊ पडतं आणि तळाला जातं. म्हणून ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी किंवा ४०,००० ला पूर्ण बदलायचं. डबीत वरून भर घालणं म्हणजे बदलणं नव्हे. चारही चाकांजवळच्या निपलमधून (ऑइल बाहेर सोडायच्या तोटीतून) जुनं काढावं लागतं. कोकणातल्या दमट हवेत तर दोन वर्षांच्या पुढे ढकलूच नये.

कूलंटही वयानेच संपतो. त्याच्यातली गंज रोखणारी द्रव्यं खर्च होतात, रंग मात्र बराच काळ टिकतो, त्यामुळे रंगावर विसंबू नये. साधा कूलंट दोन-तीन वर्षं, लाँग लाइफ पाच किंवा अधिक, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघायचा. बॅटरी तीन-चार वर्षांची सोबती. टायरचं वय कडेवरच्या शेवटच्या चार अंकांत असतं: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांच्या टायरच्या कडेला बारीक भेगा आहेत का, हे उजेडात वाकून बघावं.

खरा गोंधळ इंजिन ऑइलचा, कारण ते दोन्ही खात्यांत मोडतं. चालवल्याने त्यात काजळी आणि धातूचा बारीक कीस येतो. कमी चालवल्याने त्यात पेट्रोल आणि पाणी साचतं. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, त्यातलं न जळलेलं पिस्टनच्या कडेने खाली उतरतं. ज्वलनात तयार होणारी वाफ थंड ब्लॉकमध्ये पाणी होऊन बसते. सलग वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालली की ऑइल पुरेसं तापतं आणि हे दोन्ही उडून जातं. पण घर ते भाजी मंडई, मंडई ते शाळा, अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल तापतच नाही. अशा गाडीच्या ऑइलचं झाकण पावसाळ्यात उघडून बघा. आतल्या बाजूला सायीसारखा पिवळट-पांढरा थर दिसतो. ते पाणी आणि ऑइल घुसळून झालेलं मिश्रण. एवढ्याने घाबरायचं कारण नाही, लांब चक्कर मारल्यावर जातं. कूलंटची पातळीही उतरत असेल तर मात्र हेड गॅस्केट (ब्लॉक आणि इंजिनाच्या वरच्या भागामधलं सील) तपासून घ्यावं.

म्हणूनच ‘गाडी चाललीच नाही, ऑइल अजून सोनेरी आहे’ हा युक्तिवाद टिकत नाही. रंग सर्वात वाईट साक्षीदार. डिझेलचं ऑइल बदलल्यापासून शे-दोनशे किलोमीटरमध्ये काळं होतं आणि तरी ठणठणीत असतं. उलट कमी चाललेल्या पेट्रोल गाडीचं ऑइल दिसायला छान, पण डिपस्टिक नाकाशी धरली तर पेट्रोलचा वास येतो. बीएस-६ डिझेलमध्ये आणखी एक भानगड आहे. सायलेन्सरच्या वाटेवरच्या फिल्टरमधली काजळी जाळून तो साफ करायला इंजिन जादा डिझेल सोडतं. ते काम पंधरा-वीस मिनिटं सलग वेग मिळाला तरच पुरं होतं. मध्येच गाडी बंद केली की काही गाड्यांत डिझेल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं आणि ऑइलची पातळी चक्क वाढते. पातळी वाढली म्हणून खूश होऊ नका, ऑइल पातळ झालंय.

किलोमीटरचा आकडा दुसऱ्या बाजूनेही फसवतो. कोथरूडहून हिंजवडीला ताशी सरासरी १६ किमीने रखडणाऱ्या गाडीचं इंजिन १०,००० किमीला ६२५ तास चाललेलं असतं. कोल्हापूर रस्त्यावर सरासरी ६५ ने जाणाऱ्या गाडीचं साधारण १५५ तास. ओडोमीटरवर दोघी सारख्या, इंजिनच्या हिशेबात चौपट फरक. त्यासाठीच बहुतेक मॅन्युअलमध्ये ‘खडतर वापर’ असा दुसरा तक्ता असतो: जवळच्या फेऱ्या, धूळ, ट्रॅफिकमध्ये इंजिन सुरू ठेवून थांबणं. त्यात ऑइल बदलण्याचं अंतर बहुधा निम्मं, म्हणजे ५,००० किमी किंवा सहा महिने असतं. पुण्या-मुंबईत रोज अडकणाऱ्या गाडीला हाच तक्ता लागू, पण जॉब कार्डवर तो क्वचितच येतो.

आता प्रत्यक्ष बदलताना. १.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनात फिल्टरसकट साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल बसतं. ग्रेड, म्हणजे ऑइल किती जाड-पातळ ते सांगणारा आकडा, मॅन्युअलप्रमाणेच हवा. ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या इंजिनात ‘आपल्याकडे गरमी असते, जाड टाकू’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतणारे फिटर अजून भेटतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणावं. इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करायचं, बोल्ट काढून ऑइल दहा-पंधरा मिनिटं निथळू द्यायचं. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा. जुनाच ठेवला की थेंब-थेंब गळतं, मग बोल्ट आणखी आवळला जातो आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. दहा-वीस रुपयांच्या वॉशरपायी अख्खा चेंबर. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने ऑइल लावायचं, रिंग टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, पाना नको. जुनी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली नाही ना, ते आधी बघायचं. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर ऑइल दाबाने बाहेर फेकलं जातं. भरून झालं की मिनिटभर इंजिन चालवून बंद करायचं, पाच मिनिटांनी सपाट जागी डिपस्टिक बघायची. वरच्या खुणेच्या वर ऑइल गेलं तर क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनाचा दांडा) ते घुसळून फेस करतो, तेव्हा जास्तीचं काढून टाकायचं.

हिशेब कुठून धरायचा, यातही चूक होते. १२ महिन्यांत ६,४०० किमी झाले आणि तेव्हा ऑइल बदललं, तर पुढचं १६,४०० ला किंवा आणखी बारा महिन्यांनी. ‘वीस हजारचं सर्व्हिसिंग’ या नावाला चिकटून थांबायचं नाही. ब्रेक ऑइल आणि कूलंटच्या तारखा मात्र वेगळ्या चालतात, ऑइल बदललं म्हणून त्या शून्यावर येत नाहीत. बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने प्रत्येकाची तारीख आणि रीडिंग लिहून ठेवणं सर्वात सोपं. वॉरंटी असेपर्यंत बिलंही जपावीत, दावा करताना तारीख आणि रीडिंग दोन्ही बघतात.

वर्षाला पाच हजारांच्या आत चालणाऱ्या गाडीचं सर्व्हिसिंग मे महिन्यात धरावं. वायपर, ब्रेक, एसीचा केबिन फिल्टर पावसाआधी एकदमच होतो आणि तारीखही लक्षात राहते. आणि ती उभी असताना रोज पाच मिनिटं जागेवर सुरू करू नका. त्याने बॅटरीत स्टार्टरने खाल्लेलंही नीट भरत नाही, वर ऑइलमध्ये पाणी वाढतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा वीसेक किलोमीटर फिरवून आणा. टायरची टेकलेली जागा बदलते, डिस्कवरचा गंज घासला जातो आणि वायरिंगमध्ये उंदराने संसार थाटला असेल तर तोही वेळेत कळतो.