कात टाकण्याचे संप्रेरक आणि त्याचा निचरा : पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातील रेशीम उत्पादक अळ्या मोल्टवर (कात टाकण्यासाठी खाणे सोडून स्थिर) बसल्या की पाला थांबवतात, बेडवर चुना धुरळतात आणि बहुतेक अळ्या कात टाकून उठल्याशिवाय पुन्हा पाला देत नाहीत. पाचव्या अवस्थेच्या अखेरीस पहिल्या काही अळ्या पिकू लागल्या, म्हणजे कोष विणण्यास तयार झाल्या, की वनस्पतिजन्य एक्डायस्टेरॉइडचे (कात टाकण्याच्या संप्रेरकाच्या गटातील द्रव्याचे) द्रावण पाल्यावर शिंपडतात, म्हणजे सगळा लॉट जवळपास एकाच वेळी चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्याच्या चौकटीवर, चढतो. दुसरीकडे निपाणी परिसरात तंबाखू आणि सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळीसाठी याच संप्रेरकाची नक्कल करणारी कीटकनाशके उपयोगी पडतात. या दोन्ही उपायांचे मूळ एकच आहे.

मेंदूवाचून अळीचा कोष होत नाही, हे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दिसले आणि 1940 च्या सुमारास जपानमध्ये रेशीमकिड्याच्या छातीतील ग्रंथीकडे बोट दाखवले गेले. 1954 मध्ये जर्मनीत रेशीमकिड्याच्या सुमारे 500 किलो कोषस्थ अवस्थेतील किड्यांपासून जेमतेम 25 मिलिग्रॅम स्फटिक हाती लागले, तेच एक्डायसोन. ते स्टेरॉइड आहे, ही त्याची रचना 1965 मध्ये निश्चित झाली. कीटकांना स्टेरॉल शून्यापासून बनवता येत नाही, त्यामुळे रेशीमकिडा तुतीच्या पानातील सिटोस्टेरॉलपासून आधी कोलेस्टेरॉल करतो आणि मग पुढे जातो.

खरा वाद यानंतरचा आहे. 1966 मध्ये एका ऑक्सिजन अणूने वेगळे असलेले 20-हायड्रॉक्सिएक्डायसोन ओळखले गेले आणि कात टाकण्याच्या क्रियेत तेच कितीतरी अधिक प्रभावी ठरले. मग आधी सापडलेले एक्डायसोन हे संप्रेरक म्हणावे की त्याचा कच्चा माल? चरबीपिंड, आतडे आणि इतर ऊतींमध्ये हा बदल घडतो, हे पुढे स्पष्ट झाले. 1991 मध्ये ग्राही प्रथिनाचे (पेशीत संप्रेरकाला धरणाऱ्या प्रथिनाचे) जनुक हाती आल्यावर तेही 20-हायड्रॉक्सि रूपालाच घट्ट धरते असे दिसले आणि बदल घडवणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) जनुक 2003 मध्ये फळमाशीत ओळखले गेले. एवढ्यावरही प्रश्न मिटत नाही, कारण पतंगवर्गातील कित्येक कीटकांची ग्रंथी एक्डायसोनही सोडत नाही. ती मुख्यतः 3-डिहायड्रोएक्डायसोन सोडते आणि त्याचे एक्डायसोन रक्तात होते. काही अभ्यासक एक्डायसोनला स्वतंत्र कार्य असल्याचे मांडतात, पण पुराव्याचे पारडे पूर्वद्रव्याकडेच झुकलेले आहे, असे म्हणणे वावगे ठरू नये.

या वादात निचऱ्याची बाजू दुर्लक्षित राहिली. संप्रेरकाची पातळी चढल्यावर नवी त्वचा तयार होते खरी, मात्र जुनी त्वचा सोडण्यासाठी पातळी उतरावीच लागते. शरीर 20-हायड्रॉक्सिएक्डायसोनचे आम्लात रूपांतर करते, रचना उलटवते किंवा त्याला फॉस्फेट जोडते आणि अशा रीतीने ते निष्क्रिय करते. रेशीमकिड्याच्या ग्रासरी रोगाच्या विषाणूने ही युक्ती स्वतःकडे घेतली आहे: त्याच्या वर्गातील विषाणूंमध्ये संप्रेरकाला शर्करा जोडणारे विकर असते, हे 1989 मध्ये उघड झाले. परिणामी संप्रेरक निष्प्रभ होते आणि अळी कात न टाकता खात राहते. तिची कातडी ताणून चकाकते, खंडांचे सांधे फुगतात आणि शेवटी फुटून दुधासारखा द्रव बाहेर येतो.

1980 च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या डायअसिलहायड्रॅझिन गटाच्या रसायनांनी नेमके उलटे केले. टेब्युफेनोझाइड आणि मेथॉक्सिफेनोझाइड स्टेरॉइड नाहीत, तरी ते त्याच ग्राहीला बसतात आणि अळीच्या शरीरातून सहज निघत नाहीत. पातळी उतरतच नसल्याने अळी काही तासांत खाणे सोडते आणि जुन्या डोक्याच्या कवचाखाली नवे कवच घेऊन अर्धवट अडकून मरते. हा परिणाम मुख्यतः पतंगवर्गातील अळ्यांवर होतो. उसातील हुमणी भुंगेऱ्यांच्या वर्गातली असल्याने या दोन औषधांवर तिच्यासाठी भिस्त ठेवू नये. रेशीमकिडा मात्र पतंगवर्गातलाच आहे, त्यामुळे सोयाबीनवर हे औषध मारताना वारा शेजारच्या तुतीकडे वाहत असेल, तर त्या तुतीचा पाला संगोपनगृहात नेणे धोक्याचे ठरते.