डबा लहान, जीभ मोठी

घोरणारा माणूस जाडच असणार, असा आपल्याकडे पक्का समज आहे. म्हणून सडपातळ माणूस श्वास अडकून रात्री दचकून उठला, तरी घरचे ‘दमला असेल’ म्हणून सोडून देतात. अशा माणसाचा चेहरा एकदा बाजूने बघावा. खालचा जबडा मागे सरलेला, हनुवटी बसकी आणि मान आखूड दिसली, तर वजन काट्यावर कितीही कमी भरो, स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत घसा बंद होऊन श्वास थांबण्याच्या आजाराची, शंका घ्यायलाच हवी.

नाकाला हाडांचा आधार असतो, श्वासनळीला कूर्चेच्या कड्यांचा. मधला घसा मात्र निव्वळ स्नायूंच्या जोरावर उघडा राहतो. जिभेला पुढे ओढून धरणारा मुख्य स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूला चिकटलेला असतो; जबडा मागे, तर जीभही मागे. जबड्यांची हाडं म्हणजे एक डबा समजा. डबा लहान असला की बेताची जीभही त्यात मावत नाही. डबा पुरेसा असला, तरी लठ्ठपणात जिभेत आणि घशाच्या बाजूच्या भिंतींत चरबी साठते आणि जागा संपते.

झोपेत स्नायू सैलावतात, उताणं झोपलं की जीभ मागे कलते. त्यात श्वास घेताना आत ओढ बसते. भिजून नरम पडलेली कागदी स्ट्रॉ जोरात ओढली की चपटी होते ना, तसंच घशाचं होतं. श्वास 10 सेकंद किंवा जास्त थांबला की तो ॲप्निया. श्वास थांबण्याचे आणि उथळ होण्याचे प्रसंग मिळून तासाला 15 झाले की आजार मध्यम, 30 झाले की तीव्र धरतात.

आपला घसा किती मोकळा आहे, याचा अंदाज घ्यायला आरशासमोर ताठ बसा, मोठा आ करा, जीभ पूर्ण बाहेर काढा. ‘आऽऽ’ म्हणू नका. आवाज काढला की मऊ टाळू वर उचलला जातो आणि घसा आहे त्याहून मोकळा दिसतो. पडजीभ टोकापर्यंत दिसली तर उत्तम. फक्त कडक टाळू दिसला तर तो चौथा, सगळ्यांत अरुंद वर्ग. भूलतज्ज्ञ मल्लमपती यांनी 1985 मध्ये ही तपासणी मांडली ती श्वासनळीत नळी घालणं कितपत अवघड जाईल हे ओळखायला. निदान मात्र एवढ्यावर होत नाही. त्यासाठी झोपेची तपासणीच लागते.

उपचारही याच रचनेला धरून आहेत. सीपॅप यंत्र हवेच्या दाबाने घसा आतून फुगता ठेवतं. दातांवर बसवायची पट्टी खालचा जबडा पुढे धरते, पण त्यासाठी दात मजबूत हवेत.

आणि कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, तर भूल देण्याआधी झोपेत श्वास अडकतो हे भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा.