पॅलिएटिव्ह केअरसाठी रोटरीतर्फे परदेश भेट: अर्ज नेमका कुठे अडतो?

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात रुग्णाच्या वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा. त्यासाठी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाणाऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या नर्सताई, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट रोटरी या सेवासंस्थेच्या परदेश भेटीबद्दल सारखं विचारतात. त्यांच्या कामात काही कमी नसतं, अर्ज अडतात ते कागदांपायी. म्हणून नेहमीच्या पायऱ्या थोडक्यात आणि अडणाऱ्या जागा सविस्तर सांगते.

अर्ज तुम्ही करायचा नसतो, रोटरीचा स्थानिक क्लब करतो. ग्लोबल ग्रँट म्हणजे रोटरीच्या मोठ्या अनुदानातून व्होकेशनल ट्रेनिंग टीम, म्हणजे परदेशी शिकायला किंवा शिकवायला जाणारा व्यावसायिकांचा गट, पाठवायची तर इथला आणि परदेशातला असे दोन भागीदार लागतात, बजेट किमान 30 हजार डॉलरचं आणि टीम किमान तीन जणांची. फ्रेंडशिप एक्स्चेंज, म्हणजे रोटरीच्या परस्पर भेटींमध्ये, राहण्याची सोय यजमानांच्या घरी होते, पण विमानाचं तिकीट तुमचंच. ग्रुप स्टडी एक्स्चेंज हा रोटरीचा जुना परदेश-भेट कार्यक्रम 2013 मध्येच बंद झाला, त्याचा फॉर्म शोधण्यात वेळ घालवू नका.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले क्लब रोटरीच्या डिस्ट्रिक्ट (विभाग) 3170 मध्ये येतात, रायगडातले 3131 मध्ये. ग्लोबल ग्रँटसाठी क्लबच्या माणसांनी ग्रँटचं प्रशिक्षण घेतलेलं आणि करारपत्रावर सही केलेली असावी लागते. ही पात्रता एका रोटरी वर्षापुरतीच असते आणि ते वर्ष 1 जुलैला सुरू होतं. तेव्हाच अध्यक्षही बदलतात. ‘आमचं गेल्या वर्षी झालंय’ एवढ्यावर थांबू नका, या वर्षीचं झालंय का ते विचारा.

आता जो कागद जवळजवळ कोणाकडेच नसतो, त्याबद्दल. टीममध्ये जायला त्या क्षेत्रातला किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. तुम्ही पाच वर्षं कॅन्सरच्या रुग्णांच्या जखमा धुतल्या असतील, मॉर्फिनच्या वेळा सांभाळल्या असतील, पण दाखल्यावर फक्त ‘स्टाफ नर्स म्हणून कार्यरत’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यावरून कोणाला काय कळणार? दाखल्यात कोणत्या तारखेपासून, आठवड्यातून किती वेळ, कसले रुग्ण आणि तुमच्याकडे नेमकं काय काम, हे इंग्रजीत, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह हवं. ट्रस्टमार्फत मानधनावर काम केलं असेल तर ट्रस्टचा दाखला घ्या. मजकूर स्वतः तयार करून न्या. साहेबांना वेळ नसतो, आणि रागावून काही होत नाही.

नावाचा घोळही फार होतो. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या, अशा ताया कितीतरी आहेत. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र आजच शोधून ठेवा.

सरकारी नोकरीतल्यांनी हे दोनदा वाचा. परदेशी संस्था प्रवासाचा किंवा राहण्या-जेवणाचा खर्च करणार असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्या आणि पाहुणचाराबद्दलच्या कायद्याच्या, कलम 6 प्रमाणे केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. अर्ज ऑनलाइन, फॉर्म एफसी-2. सोबत निमंत्रणपत्र आणि आपल्या विभागाची संमती. नियमात प्रवासाच्या दोन आठवडे आधी असं म्हटलंय आणि लोक तेवढंच वाचतात. पण विभागाची संमती तालुका, जिल्हा, मुंबई अशी फिरत येते. एका टेबलावरची फाइल दुसऱ्या टेबलावर जायला लागणारा काळ कोणत्याच नियमात लिहिलेला नाही आणि त्याचा फटका बसतो तो नर्सला. निमंत्रण आलं की त्याच दिवशी अर्ज द्या, पोच घ्या. कंत्राटी असाल तर तुम्हाला हे लागू आहे का, ते लेखी विचारून घ्या.

ग्रँट मंजूर होण्याआधी तिकीट काढू नका, तो खर्च परत मिळत नाही. ब्रिटनला जाणार असाल तर व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच करता येतो, त्याआधी नाही. या व्हिसावर हॉस्पिसमध्ये (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या सेवाकेंद्रात) निरीक्षण चालतं, रुग्णावर उपचार नाहीत. म्हणून अर्जात ‘रुग्णसेवा करणार’ असं भाबडेपणाने लिहू नका, जे करणार तेच लिहा.

तिकडचे पाहुणे आपल्याकडे येणार असतील तर उलट बाजूही सांभाळा. भारतात तात्पुरती नोंदणी नसलेल्या परदेशी डॉक्टरांना रुग्ण तपासायला लावू नका. आणि पाहुणे चिपळूणला कोणाच्या घरी उतरले, तरी घरमालकाने त्यांची माहिती 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवायची असते. ती जबाबदारी क्लबमधल्या एका माणसावर आधीच सोपवा.