कॉफीने कर्करोग होतो?
ही भीती उगाच पसरली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेच १९९१ साली कॉफीमुळे मूत्राशयाचा कर्करोग होण्याची शक्यता नोंदवली होती. पण भरपूर कॉफी पिणारे बरेच जण सिगारेटही ओढत, आणि तंबाखू हे तर या कर्करोगाचं मोठं कारण. दोन्हींचा परिणाम वेगळा काढणं अवघड होतं. २०१६ साली हजाराहून अधिक अभ्यास तपासल्यावर संस्थेने तो शिक्का काढला. यकृताच्या कर्करोगाचा धोका कॉफी पिणाऱ्यांत उलट कमी दिसला, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही.

जपायचं ते तापमानाला. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेय, मग कॉफी असो, चहा असो वा नुसतं पाणी, अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतं. तेव्हा वाफाळता कप जरा निवू द्या.